'डीप' म्हणजे किती खोल? खोलीवरच्या इंग्रजी वाक्प्रयोगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीच्या पेपरात 'डीप', 'डेप्थ' किंवा 'बॉटम' असलेला वाक्प्रयोग आला की मराठवाड्यातली पोरं-पोरी हमखास विहिरीत उतरतात. त्यात नवल नाही. बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, विहिरीत किती परस उरलं, धरण मृतसाठ्यात गेलं का, हा इथला रोजचा हिशेब. इंग्रजांची खोली मात्र बहुतेक समुद्रातून आलेली आहे, थोडी पोहण्याच्या तलावातून, थोडी खडक फोडणाऱ्यांकडून. वाक्प्रयोग कुठून आला हे एकदा डोळ्यांपुढं आलं की अर्थाची यादी पाठ करत बसावं लागत नाही. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची स्पर्धा परीक्षेची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं घेतले आहेत.

शब्दशः अर्थ कुठला आणि लाक्षणिक कुठला, हे झटकन कसं ओळखायचं?

दोर सोडून मोजता येईल का, एवढंच विचारा. 'द बोअरवेल इज सिक्स हंड्रेड फीट डीप' यात आकडा आहे, अर्थ शब्दशः. 'ही इज इन डीप ट्रबल' यात अडचण किती फूट, असं कुणी विचारत नाही, म्हणजे अर्थ लाक्षणिक. मराठी व्याकरणात अभिधा आणि लक्षणा शिकलात ना, तेच हे. 'घरावरून हत्ती गेला' म्हटल्यावर पत्रे फुटले का असं आपण विचारत नाही.

पंचाईत होते ती दोन्हीकडं चालणाऱ्या वाक्यांची. 'दे वर नी-डीप इन मड' म्हणजे खरोखर गुडघाभर चिखल. 'दे वर नी-डीप इन डेट' म्हणजे कर्जात रुतलेले. शब्द तेच, फक्त शेवटचा बदलला. म्हणून उताऱ्यावरच्या प्रश्नात वाक्प्रयोगाखाली रेघ मारली असेल तर आधी त्याच्या पुढचं-मागचं वाक्य वाचा, मग पर्याय बघा. चार पर्यायांत एक शब्दशः अर्थाचा पर्याय पेपर काढणारा मुद्दाम ठेवतो.

एक सोय आपल्याकडं तयार आहे. 'अँकल-डीप', 'नी-डीप', 'वेस्ट-डीप' यांना मराठीत घोटाभर, गुडघाभर, कंबरभर असे चपखल शब्द आहेत. पुराची बातमी भाषांतराला आली तर 'कंबरेइतके खोल पाणी' असं लांबड लावू नका. कंबरभर पाणी, झालं.

'डीप'ला सगळीकडं 'खोल' लिहिलं तर चालतं का?

नाही. भाषांतराच्या पेपरात सर्वांत जास्त गुण इथं जातात.

इंग्रजी एका 'डीप'वर सगळी कामं उरकते. मराठीत प्रत्येक कामाला वेगळा गडी आहे. झोप गाढ असते, रंग गडद असतो, श्वास दीर्घ, जंगल घनदाट, विचार गहन, मैत्री घट्ट, दुःख तीव्र. 'खोल झोप' किंवा 'खोल लाल' वाचलं की तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, पोरानं शब्दाला शब्द ठेवलाय.

आवाजाचं तर उलटंच होतं. 'डीप व्हॉइस' म्हणजे भारदस्त, खर्जातला आवाज. आपल्याकडं आवाज खोल गेला म्हणजे माणूस आजारानं थकला, बोलणं नीट ऐकू येत नाही. 'हिज डीप व्हॉइस फिल्ड द हॉल' याचं भाषांतर 'त्याचा खोल आवाज सभागृहात भरला' असं केलंत, तर तुम्ही धडधाकट वक्त्याला खाटेवर झोपवलंत. डोळ्यांचंही तसंच. खोल गेलेले डोळे जागरणाचे किंवा उपासमारीचे. 'डीप-सेट आइज' हे नुसतं चेहऱ्याच्या ठेवणीचं वर्णन आहे, त्यात आजार नाही.

स्वयंपाकात 'डीप फ्राय' म्हणजे कढईभर तेलात सोडून तळणं आणि 'शॅलो फ्राय' म्हणजे तव्यावर थोड्या तेलात भाजणं. 'खोल तळावे' असं लिहिलं तर घरची म्हातारी विचारेल, बाबा, कढई किती खोल घेऊ?

'खोल' कुठं बसतं मग? जखम खोल, नांगरट खोल, मुळं खोल, दरी खोल. 'डीप-रूटेड प्रेज्युडिस'ला 'खोलवर रुजलेला पूर्वग्रह' अगदी योग्य, कारण तिथं मुळाचं चित्र दोन्ही भाषांत सारखंच आहे.

'आउट ऑफ माय डेप्थ', 'इन डीप वॉटर' आणि 'इन ओव्हर माय हेड' हे तिन्ही एकच ना?

शेजारी-शेजारी राहतात, पण घरं वेगळी. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. पाय टेकत नाहीत तेव्हा आपण काय म्हणतो? ठाव लागत नाही. 'आउट ऑफ वन्स डेप्थ' म्हणजे हेच. लाक्षणिक अर्थानं, विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, त्यातलं ज्ञान किंवा अनुभव कमी पडतो. दहावीच्या पोराला जीएसटीच्या चर्चेत बसवलं तर 'ही इज आउट ऑफ हिज डेप्थ'. त्याच्यावर संकट काही आलेलं नाही.

'इन डीप वॉटर' मध्ये संकट आहे. तिथं माणूस हुशार असला तरी अडकू शकतो. सलग दोन हंगाम पाऊस दगा देऊन गेल्यावर पीककर्ज थकलेला शेतकरी 'इन डीप वॉटर' असतो. शेतीतलं त्याला सगळं कळतं, तरी गळ्याशी आलेलं असतं.

'इन ओव्हर माय हेड' मध्ये माणूस बहुधा आपल्या पायांनी चालत जाऊन अडकलेला असतो. झेपणार नाही एवढं काम किंवा कर्ज अंगावर घेतलं. आता इथला सापळा बघा. यातला 'इन' काढा आणि 'इट वेंट ओव्हर माय हेड' म्हणा. अर्थ पूर्ण बदलला: डोक्यावरून गेलं, कळलंच नाही. मराठीतही ते डोक्यावरूनच जातं, त्यामुळं पोरं गाफील राहतात आणि 'इन ओव्हर' लाही तोच पर्याय निवडतात.

'डीप एंड' म्हणजे कशाचं टोक?

शहरातल्या पोहण्याच्या तलावाचं. अशा तलावाचं एक टोक उथळ असतं, तळ उतरत जातो आणि दुसरं टोक खोल असतं. आपल्या विहिरीला उथळ टोकच नसल्यानं हा वाक्प्रयोग इथं जरा परका वाटतो. मराठवाड्यातला प्रत्येक पोहणारा खोल टोकातच शिकलेला.

'थ्रोन इन ॲट द डीप एंड' म्हणजे पूर्वतयारी न देता थेट अवघड कामाला जुंपणं. नवा तलाठी सोमवारी रुजू झाला आणि मंगळवारी त्याला अतिवृष्टीच्या पंचनाम्यांवर पाठवलं, तर हेच म्हणायचं. यात तक्रार असतेच असं नाही. अनेक जण कौतुकानं सांगतात की मला असंच टाकलं होतं, म्हणून शिकलो.

'गो ऑफ द डीप एंड' वेगळं. म्हणजे संतापानं ताळतंत्र सुटणं, डोकं फिरणं. 'ऑफ' आणि 'इन' एवढाच फरक. परीक्षेत याच दोघांची अदलाबदल करून विचारतात.

'फॅदम' हा शब्द 'समजणे' या अर्थाचा कसा झाला?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सावकाश.

फॅदम हे मुळात माप आहे. दोन्ही हात आडवे पसरले की एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. ते ६ फूट, म्हणजे १.८२८८ मीटर धरतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच पसरलेले हात, मिठी असा होता. हे माप आपल्याला परकं नाही. दोर मोजताना आपले म्हातारे 'वाव' म्हणत ते हेच. विहिरीसाठी त्यांच्याकडं वेगळं माप होतं, परस, म्हणजे पुरुषभर उंची. वाव आडव्या हातांचं, परस उभ्या माणसाचं. सात परस विहीर म्हटलं की ऐकणाऱ्याला आकडा न सांगता खोली कळायची.

समुद्रावर खोली मोजायला जड शिशाचा गोळा दोराला बांधून सोडत. शिशाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. ती तळाला टेकली की वाळू, शिंपले किंवा चिखल चिकटून वर येई. म्हणजे पाणी किती आणि तळ कसला, दोन्ही एका फेकीत कळे. दोर वर ओढताना हातांनी वावावाव मोजायचा. तिथून 'फॅदम' क्रियापद झालं: तळापर्यंत मोजणं, मग बुद्धीनं तळापर्यंत पोचणं. आज ते बहुतेक नकारातच वापरतात. 'आय कान्ट फॅदम व्हाय ही लेफ्ट द जॉब' म्हणजे त्यानं नोकरी का सोडली याचा थांगच लागत नाही. थांग म्हणजेही पाण्याचा तळ. दोन्हीकडच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी भाषेला एकच गोष्ट दिली.

त्या दोरावर ठरावीक वावांवर कातड्याच्या पट्ट्या आणि कापडाच्या चिंध्या बांधलेल्या असत. खूण असलेल्या खोलीला 'मार्क' म्हणत, मधल्या बिनखुणेच्या खोलीला 'डीप'. खोली पुकारणारा खलाशी ओरडून 'बाय द मार्क' किंवा 'बाय द डीप' म्हणे आणि पुढं आकडा. अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींना २ फॅदम, म्हणजे १२ फूट पाणी असलं की धोका नसे. त्याची हाळी 'मार्क ट्वेन'. त्या नदीवर बोट हाकलेल्या सॅम्युअल क्लेमेन्स यांनी १८६३ मध्ये हेच टोपणनाव घेतलं आणि जगभर त्याच नावानं ओळखले गेले.

'डीप-सिक्स' हे नाविकांच्या बोलीतलंच. एखादी वस्तू समुद्रात भिरकावून देणं, त्यावरून कायमची विल्हेवाट लावणं. 'द कमिटी डीप-सिक्स्ड द प्रपोजल' म्हणजे समितीनं प्रस्ताव निकालात काढला. बासनात गुंडाळला असं भाषांतर केलंत तर थोडं सौम्य होतं, कारण बासन पुन्हा उघडता येतं.

'साउंड समवन आउट' मध्ये आवाजाचा काय संबंध?

काही नाही. हा 'साउंड' फ्रेंचमधून आलेला, खोली तपासणं या अर्थाचा. जहाजावर खोली मोजण्याला 'साउंडिंग' म्हणतात. माणसाच्या बाबतीत, उघड न विचारता त्याचं मत चाचपणं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी पुढारी गावोगाव चहा पीत हिंडतात आणि कुणाच्या मनात काय आहे त्याचा ठाव घेतात, ते 'साउंडिंग आउट'.

'प्लंब द डेप्थ्स' त्याच शिशाचं. लॅटिनमध्ये शिसं म्हणजे प्लंबम, त्यावरून गवंड्याचा ओळंबा इंग्रजीत 'प्लंब लाइन' झाला आणि शिशाचे नळ जोडणारा 'प्लंबर' झाला. अर्थ मात्र नीट लक्षात ठेवा. 'द डिबेट प्लंब्ड न्यू डेप्थ्स' म्हणजे चर्चा फार सखोल झाली असं नव्हे, तर चर्चेनं नीचांक गाठला. टीव्हीवरच्या चर्चांना हे वाक्य बरोब्बर लागू पडतं. 'प्लंब द डेप्थ्स ऑफ' नंतर सहसा निराशा, एकटेपणा असली काळी नामं येतात.

'स्टिल वॉटर्स रन डीप' म्हणजे 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हेच ना?

चित्र एकाच नदीचं, पण बोट वेगळ्या जागेकडं. इंग्रजी म्हण शांत माणसाबद्दल बोलते: वरून गप्प, आत बरंच काही. मराठी म्हण बडबड्याबद्दल बोलते. प्रश्नात गप्प माणूस असेल तर डोह आठवा, बोलघेवडा असेल तर खळखळाट. मराठी म्हणीला जवळची इंग्रजी म्हण 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज' ही. आणखी एक बारकावा: इंग्रजी म्हणीत कधी कधी सावधगिरीचा सूर असतो. हा गप्प आहे, पण याच्या पोटात काय आहे ते सांगता येत नाही, असा.

'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी' याला मराठीत काय लिहावं?

इकडे आड, तिकडे विहीर. याहून चांगला जोड मिळणार नाही. सैतान आणि निळा समुद्र आणून ठेवू नका.

'रॉक बॉटम', 'बॉटम लाइन' आणि 'गेट टू द बॉटम' यांत गोंधळ होतो.

'रॉक बॉटम' म्हणजे खणत खणत पक्का खडक लागला, आता खाली जागा नाही. लाक्षणिक अर्थ, सर्वांत खालची अवस्था. मराठवाड्यात यावर एक पोरगा हमखास हात वर करतो: सर, खडक लागल्यावर तर बोअरचं खरं काम सुरू होतं! बरोबर आहे. आपल्याखाली बेसाल्टचे थरावर थर आहेत, पाणी त्यांच्या भेगांत असतं, त्यामुळं गाडी खडकातून खाली जातच राहते. पण वाक्प्रयोग कुदळीच्या काळातला आहे, बोअरच्या गाडीच्या नाही. कुदळ खडकावर थांबते.

याचा सूर कोण बोलतंय त्यावर ठरतो. दुकानाच्या जाहिरातीत 'रॉक-बॉटम प्राइसेस' म्हणजे स्वस्तात स्वस्त, ग्राहकाची चांदी. हेच शब्द सोयाबीनच्या भावाच्या बातमीत आले की मोंढ्यात माल घेऊन उभ्या असलेल्याचं वाटोळं. भाषांतर करताना पहिल्या ठिकाणी 'अगदी कमी दरात' आणि दुसऱ्या ठिकाणी 'भावानं तळ गाठला' असं वेगवेगळं लिहा.

'गेट टू द बॉटम ऑफ इट' म्हणजे प्रकरणाच्या मुळाशी जाणं. मराठी माणूस मुळाशी जातो, इंग्रज तळाशी. 'बॉटम लाइन'चा पाण्याशी काही संबंध नाही, तो नफा-तोटा पत्रकातला शेवटचा आकडा, नफा की तोटा. त्यावरून मुद्द्याची गोष्ट. 'स्क्रेप द बॅरल' म्हणजे चांगलं सगळं संपल्यावर उरलंसुरलं खरवडून काढणं.

डेप्थ नेहमी वरून खालीच मोजतात का?

नाही, आणि गणिताच्या पेपरातही हे नडतं. कपाटाची किंवा फ्रिजची 'डेप्थ' म्हणजे समोरून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. प्लॉटच्या कागदावरही रस्त्याकडची बाजू 'फ्रंट' आणि आत जाणारी 'डेप्थ'. याला 'कपाटाची खोली' म्हणालात तर ऐकणारा कपाट ठेवायची खोली शोधेल. 'आत किती' असं म्हणणं बरं.

वेरूळच्या कैलास लेण्यात तर उंची आणि खोली एकमेकांत मिसळतात. डोंगर माथ्यापासून खाली कोरत नेला आहे. वरच्या कड्यावर उभं राहिलं तर समोर शंभर फुटांहून खोल खड्डा दिसतो, अंगणात उभं राहिलं तर तेवढीच उंच भिंत. माप एकच, तुम्ही कुठं उभे आहात त्यावर 'डीप' की 'हाय' ते ठरतं.

याच्या उलट चूक बातम्या वाचताना होते. जायकवाडी भरलं की पाणीपातळी १५२२ फूट झाली असं छापून येतं. नाथसागर दीड हजार फूट खोल नाही! ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, इंग्रजीत 'लेव्हल', 'डेप्थ' नव्हे. आणि 'डीप' किती फुटांपासून सुरू होतं असा वाद घालणाऱ्यांसाठी: महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहीर ती 'डीप वेल'. म्हणजे साधारण दोनशे फूट. गावात एवढ्या बोअरला कुणी खोल म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

क्रिकेटमध्ये 'डीप' कशाला म्हणतात?

फलंदाजापासून लांब, सीमारेषेजवळ. 'डीप मिडविकेट', 'डीप पॉइंट'. इथं खड्डा नाही, लांबी आहे. 'दे बॅट डीप' म्हणजे खालच्या क्रमांकापर्यंत फलंदाजी करणारे आहेत. 'टेक द गेम डीप' म्हणजे घाई न करता सामना शेवटच्या षटकांपर्यंत खेचणं.

डीपफेक, डीप लर्निंग, डीप वेब, डीप स्टेट: यांतला 'डीप' एकच आहे का?

नाही. 'डीप लर्निंग' मध्ये संगणकाच्या न्यूरल नेटवर्कला एकामागून एक अनेक थर असतात, म्हणून डीप. 'डीपफेक' त्यातूनच जुळवलेला शब्द, २०१७ च्या सुमाराला चलनात आला. त्यात फसवणूक खोल असते असा अर्थ नाही. 'डीप वेब' म्हणजे सर्च इंजिनला न सापडणारा इंटरनेटचा भाग. तुमच्या बँक खात्याचं पानही त्यात येतं, त्यामुळं त्याला गुन्हेगारी समजू नका. गुपचूप धंदे चालतात तो 'डार्क वेब' त्यातला लहानसा भाग. 'डीप स्टेट' हे तुर्की भाषेतल्या शब्दाचं इंग्रजी रूप, निवडून आलेल्या सरकारामागं दडलेल्या सत्तेबद्दलचं. चालू घडामोडींच्या पेपरात याची व्याख्या आली तर 'गुप्तहेर संघटना' हा पर्याय निवडू नका.

'डीप पॉकेट्स' आणि 'डिग डीप' दोन्ही पैशांबद्दल आहेत का?

'डीप पॉकेट्स' म्हणजे पैसा भरपूर. 'डिग डीप' म्हणजे आहे त्यातून जास्तीत जास्त काढून देणं, मग तो पैसा असो की दम. श्रीमंतालाच 'डिग डीप' करता येतं असं नाही. वर्गणीला शंभर देणारा मजूरही करतो. 'स्किन-डीप' म्हणजे वरवरचं, कातडीपुरतं. बस.

'डीप' लिहायचं की 'डीपली'? आणि 'इन-डेप्थ' मध्ये आडवी रेघ कधी?

प्रत्यक्ष अंतर असेल तिथं 'डीप' क्रियाविशेषण म्हणूनही चालतं: 'डिग डीप', 'डीप इनटू द फॉरेस्ट'. भावना आणि मतांसोबत 'डीपली': 'डीपली सॉरी', 'डीपली डिव्हायडेड'. नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की रेघ द्या, 'ॲन इन-डेप्थ स्टडी'. क्रियापदानंतर आलं की रेघ नको, 'वी स्टडीड इट इन डेप्थ'.

'प्रोफाउंड' चा मूळ लॅटिन अर्थही खोलच, पण विहिरीला आज 'प्रोफाउंड' म्हणत नाहीत. विचार, परिणाम, बहिरेपणा यांना म्हणतात.

स्पेलिंगमध्ये 'डीप'चं 'डेप्थ', 'वाइड'चं 'विड्थ', 'लाँग'चं 'लेंग्थ' होतं, सगळ्यांच्या शेवटी 'थ'. 'हाय'चं मात्र 'हाइट', शेवटी साधा 'ट'. उच्चारतानाही 'हाइट्थ' म्हणू नका.